बर्फ कुणाच्या डोक्यावरून येतो? गोळा, पॉट आणि बोस्टनहून निघालेली एक बोट

पंख्याखाली बसून ऐकताय, की एसी लावून?

मी विचारते आहे कारण माझा पंखा आत्ता बंद आहे. रेकॉर्डिंग करताना तो बंदच ठेवावा लागतो, नाहीतर माइकमध्ये त्याची घरघर येते. मे महिना, दुपारचे तीन, खिडक्या बंद, पंखा बंद. म्हणजे आजच्या विषयाची माझी तयारी एकदम पक्की आहे. विषय आहे बर्फ.

(नेहमीप्रमाणे, ज्यांना ऐकण्याऐवजी वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा एपिसोड इथे लिहून काढला आहे. ऐकताना सुटलेल्या एकदोन गोष्टी जास्तीच्या घातल्या आहेत.)

त्याचं झालं असं. मागच्या रविवारी चार मैत्रिणी घरी येणार होत्या. कैऱ्या उकडून पन्हं करून ठेवलं होतं. त्या आल्या, मी फ्रीजर उघडला, बर्फाचा ट्रे काढला, तर तो रिकामा. रिकामा ट्रे कुणीतरी तसाच परत आत ठेवलेला. तुमच्याही घरात असा एक गुन्हेगार असेल, आणि तोही कधी कबूल होत नसेल.

मग काय, मोबाईल काढला आणि बर्फ मागवला. हो, बर्फ. दोन किलोची पिशवी, बारा मिनिटांत दारात. दार उघडलं तर समोर माझ्या बाबांच्या वयाचे एक काका. हेल्मेट काढलेलं, शर्ट घामाने पाठीला चिकटलेला, लिफ्ट बंद म्हणून तीन मजले चढून आलेले. मी म्हटलं, "काका, पाणी देऊ?" ते म्हणाले, "द्या ताई. पण फ्रिजचं नको हां, साधं द्या. गार प्यायलं की घसा बसतो."

मला हसूच आलं. दोन किलो बर्फ हातात घेऊन आलेला माणूस गार पाणी नको म्हणतोय! आणि दुसरं म्हणजे, हे वाक्य माझ्या आजीचं आहे. "गार पिऊ नकोस, घसा बसेल." आख्ख्या महाराष्ट्रातल्या आज्यांनी मिळून पाठ केलेलं वाक्य.

दार लावल्यावर मात्र ते काका डोक्यातून जाईनात. पन्ह्यात बर्फ टाकताना वाटलं, हा प्रकार सुरू कधी झाला? म्हणजे भर मे महिन्यात, मुंबईसारख्या शहरात, कुणीतरी दुसऱ्याच्या दारात बर्फ आणून द्यायचा, हा प्रकार. मुंबईत पहिला बर्फ आला कुठून? आणि आणला कुणी?

शोधायला बसले, आणि काय काय सापडलं म्हणून सांगू!

बर्फ नव्हता तेव्हा

आधी हे बघू, की बर्फ नव्हता तेव्हा लोक काय करायचे. तर पहिला नंबर अर्थातच माठाचा. माठाचं विज्ञान सोपं आहे. मातीच्या बारीक छिद्रांतून पाणी झिरपतं, बाहेर येऊन त्याची वाफ होते, आणि ती वाफ होताना माठातल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. म्हणून माठ कोरड्या हवेत जास्त चांगला चालतो. नागपूर-अकोल्याकडे माठातलं पाणी कसं मस्त गार लागतं, आणि मुंबईत तोच माठ जरा आळस करतो. दोष माठाचा नाही, मुंबईच्या दमट हवेचा. वाळ्याच्या ताट्या, म्हणजे दारा-खिडक्यांना लावून पाणी मारायचे पडदे, त्यांचंही तेच. तुमचा कूलरही त्याच तत्त्वावर चालतो, फक्त त्याला मोटर आहे.

बादशहांचं काम अर्थातच मोठं. अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त अकबराच्या पाण्याची व्यवस्था सविस्तर लिहून ठेवली आहे. अकबराकडे पाणी गार करायला शोरा वापरायचे. शोरा म्हणजे तोच, जो तोफेच्या दारूत लागतो. तो पाण्यात विरघळताना पाणी गार पडतं. मग त्या गार पाण्यात पिण्याच्या पाण्याची सुरई धरून हलवत राहायचं. पुढे १५८६ च्या सुमारास बादशहाचा मुक्काम पंजाबात हलला, तेव्हा लाहोरला उत्तरेकडच्या डोंगरांतून खराखुरा बर्फ यायला लागला. नावेतून, गाडीतून आणि हमालांच्या डोक्यावरून. टप्प्याटप्प्यावर माणसं बदलायची, कारण उशीर झाला तर बादशहाला नुसतं पाणी मिळणार.

म्हणजे बघा, 'एक्स्प्रेस डिलिव्हरी' काही आपण काढलेली नाही.

तिसरा प्रकार तर मला फारच आवडला. अलाहाबादला, जिथे बर्फ कधी पडत नाही, तिथे बर्फ तयार करायचे! रॉबर्ट बार्कर नावाच्या इंग्रजाने १७७५ मध्ये त्याचं वर्णन छापलं. थंडीच्या दिवसांत मोकळ्या जागेत उथळ खड्डे करायचे, त्यांत उसाची चिपाडं, कडबा असं पसरायचं आणि त्यावर मातीच्या बिनझिलईच्या पसरट परळांमध्ये थोडं थोडं पाणी भरून ठेवायचं. आकाश निरभ्र असेल, वारा पडलेला असेल, तर पहाटेपर्यंत परळांतल्या पाण्यावर बर्फाचा थर. आजूबाजूची हवा शून्य अंशापर्यंत उतरलेली नसतानासुद्धा! थोडं काम माठासारखं बाष्पीभवनाचं आणि थोडं उघड्या आकाशाचं, कारण पाण्यातली उष्णता रात्री सरळ वर निघून जाते. खालच्या चिपाडांमुळे जमिनीची ऊब वर येत नाही. मग सूर्य उगवायच्या आत मजुरांनी तो बर्फ खरवडून गोळा करायचा, खोल खड्ड्यात ठोकून भरायचा आणि गवताने झाकायचा. तो उन्हाळ्यात साहेबांच्या टेबलावर.

कडाक्याच्या थंडीत, पहाटेच्या अंधारात, उघड्या हातांनी बर्फ गोळा करणारे ते लोक. आणि त्यांच्यापैकी कुणी मे महिन्यात तो बर्फ पाण्यात घालून प्यायला असेल? मला तरी शंका आहे.

मुंबईत मात्र हेही जमणारं नव्हतं. मुंबईची थंडी म्हणजे काय, स्वेटर काढेपर्यंत संपते.

तीन टाकाऊ गोष्टी आणि एक हट्टी माणूस

आता इथून आपल्याला जायचंय थेट अमेरिकेला, कारण मुंबईचा बर्फ तिथून येणार आहे.

बोस्टनमध्ये फ्रेडरिक ट्यूडर नावाचा एक व्यापारी होता, जन्म १७८३ चा. त्याच्या डोक्यात एक खूळ शिरलं. आपल्याकडे हिवाळ्यात तळी गोठतात. तो बर्फ फुकट पडलेला असतो. हा कापून गरम देशांत नेऊन विकला तर? लोकांनी त्याला वेड्यात काढलं. १८०६ मध्ये त्याने पहिलं जहाज कॅरिबियन बेटांमधल्या मार्टिनिकला नेलं. बर्फ पोचला, पण तिथे ठेवायला जागा नव्हती आणि लोकांना त्याचं काय करायचं हे माहीत नव्हतं. तोटा झाला. पुढे कर्जापायी हा माणूस तुरुंगातही जाऊन आला. पण खूळ काही गेलं नाही.

त्याच्या धंद्याचं गणित मात्र बघण्यासारखं आहे. त्यात तीन गोष्टी होत्या आणि तिन्ही जवळजवळ टाकाऊ. पहिली, तळ्यातला बर्फ, जो कुणालाच नको होता. दुसरी, लाकडाचा भुसा. तिथल्या लाकूड गिरण्यांमध्ये भुशाचे ढीग पडलेले असायचे आणि ते टाकायचे कुठे हाच प्रश्न असायचा. भुसा उष्णता आत येऊ देत नाही, म्हणून बर्फाच्या भोवती तो भरायचा. आणि तिसरी, रिकामी जहाजं. पूर्वेकडून माल आणायला निघालेल्या जहाजांना जाताना पुरेसा माल नसायचा, तेव्हा बुडाला वजन म्हणून दगड भरून न्यावे लागायचे. ट्यूडर म्हणाला, दगडांऐवजी माझा बर्फ न्या.

एक अडचण होती. वेडेवाकडे तुकडे एकावर एक नीट बसत नाहीत, मधल्या फटींतून हवा खेळते आणि बर्फ वितळतो. त्याचा जोडीदार नॅथॅनियल वायथ याने १८२० च्या दशकात घोड्याने ओढायचा एक नांगर तयार केला. शेतात सऱ्या पाडतात ना, तशा गोठलेल्या तळ्यावर उभ्याआडव्या सऱ्या पाडायच्या आणि मग सारख्या मापाच्या लाद्या सुट्या करायच्या. बर्फाची नांगरट!

१८३३ च्या मे महिन्यात 'टस्कनी' नावाचं जहाज बोस्टनहून कलकत्त्याला निघालं. पोटात १८० टन बर्फ. सुएझ कालवा तेव्हा नव्हता, तो उघडला १८६९ मध्ये. म्हणजे आख्ख्या आफ्रिकेला वळसा. चार महिने, आणि वाटेत विषुववृत्त दोनदा ओलांडायचं. सप्टेंबरमध्ये जहाज पोचलं, तेव्हा सुमारे १०० टन बर्फ शिल्लक होता. म्हणजे निम्म्याहून जास्त! माझ्या पिशवीतला बर्फ तीन मजले चढेपर्यंत पाणी सोडायला लागतो, आणि हा चार महिने टिकला.

कलकत्त्यात नुसती धमाल उडाली. बर्फावरची जकात माफ झाली, रात्री माल उतरवायची परवानगी मिळाली आणि गव्हर्नर जनरल विल्यम बेंटिंक याने ट्यूडरच्या एजंटला कौतुकाने चांदीचा प्याला दिला. जहाज कुणी रिकामं केलं, त्यांना काय मिळालं, हे मात्र कुणी लिहून ठेवलेलं मला सापडलं नाही.

जमशेटजींच्या पाहुण्यांना सर्दी

आणि आता मुंबई. पुढच्याच वर्षी, १८३४ मध्ये, अमेरिकन बर्फ मुंबईत उतरला. तो मागवला होता जहांगीर नसरवानजी वाडिया यांच्या पेढीने. आणि घरच्या मेजवानीत बर्फाचा थाट पहिल्यांदा कुणी केला, तर जमशेटजी जीजीभॉय यांनी. हो, तेच. जे. जे. हॉस्पिटल आणि जे. जे. स्कूल ऑफ आर्ट ज्यांच्या नावाने आहेत ते. तेव्हा अजून 'सर' व्हायचे होते, पण शहरातले बडे व्यापारी होतेच. त्यांनी पाहुण्यांना चक्क आइस्क्रीम वाढलं.

आणि 'मुंबई समाचार'ने, म्हणजे १८२२ पासून निघणाऱ्या आणि आजही चालू असलेल्या त्या गुजराती वर्तमानपत्राने, याची बातमी दिली. काय बातमी दिली असेल? यजमान आणि पाहुणे, सगळ्यांना सर्दी झाली! आणि वर सूर असा, की परदेशी थेरं केली, आता भोगा.

मंडळी, मी हे वाचलं आणि सरळ आजीला फोन लावला. म्हटलं, "आजी, तुझं ते 'घसा बसेल' आहे ना, ते पेपरात छापून आलंय. १८३४ साली." आजी म्हणाली, "मग! खोटं का सांगते मी?"

आता खरं सांगायचं तर सर्दी होते विषाणूमुळे, आइस्क्रीममुळे नाही. गार खाल्ल्यावर काहींचा घसा खवखवतो, ते वेगळं. पण मला त्या बातमीत आणखी काहीतरी दिसतं. शहरातल्या सगळ्यात श्रीमंत माणसाच्या घरी चार महिन्यांचा प्रवास करून आलेला बर्फ वाढला जातो, आणि बाकीच्यांना तो बघायलाही मिळत नाही. मग बाकीच्यांनी करायचं काय? "त्यांना सर्दी झाली म्हणे," असं म्हणून हसायचं! महागडा फोन घेतलेल्या मित्राला आपण "गरम होतो रे तो" म्हणतो ना, तसंच.

पुढे १८४३ मध्ये लोकांनी वर्गणी काढून मुंबईच्या कोटात बर्फघर बांधलं. आज फोर्टमध्ये के. आर. कामा ओरिएंटल इन्स्टिट्यूट आहे, त्या जागी. मद्रासचं बर्फघर तर अजून उभं आहे, समुद्राच्या काठाला. विवेकानंद १८९७ मध्ये तिथे राहिले होते, म्हणून आता त्याचं नाव विवेकानंदर इल्लम. पण मुंबईचं बर्फघर गेलं. तिथून रोज शेकडो लोक जातात, आणि इथे एकेकाळी अमेरिकेतली थंडी साठवलेली होती, हे कुणाच्या गावीही नसतं.

तळ्याकाठचा लेखक आणि पाण्यात पडलेला मजूर

इथे जरा एक मिनिट अमेरिकेत परत जाऊ, कारण या गोष्टीतला माझा आवडता माणूस तिथे भेटतो.

हेन्री डेव्हिड थोरो. तोच, ज्याच्या कायदेभंगाच्या निबंधाचा गांधीजींनी आवर्जून उल्लेख केला. तो वॉल्डन नावाच्या तळ्याकाठी झोपडी बांधून राहत होता. १८४६-४७ च्या हिवाळ्यात अचानक शंभरेक आयरिश मजूर रोज तळ्यावर यायला लागले, बर्फ कापायला. थोरोने 'वॉल्डन' या पुस्तकात त्याचं वर्णन केलं आहे. त्याला गंमत वाटते, की आता मद्रास, मुंबई आणि कलकत्त्याची तहानलेली माणसं माझ्या विहिरीचं पाणी पिणार. तो रोज सकाळी भगवद्गीता वाचायचा. त्यामुळे त्याला वाटलं, आपल्या तळ्याचं पाणी आणि गंगेचं पाणी आता एक होतंय.

कल्पना सुंदर आहेच. पण त्याच पानांमध्ये आणखी एक गोष्ट आहे. काम करता करता एखादा मजूर बर्फाच्या फटीतून पाण्यात पडायचा. हाडं गोठवणारं पाणी. मग तो कुडकुडत थोरोच्या झोपडीत यायचा, शेकोटीजवळ बसायचा, आणि कबूल करायचा की बाबा, चुलीचंही काही महत्त्व आहे.

हे आयरिश मजूर म्हणजे पोटासाठी देश सोडून आलेले लोक. आयर्लंडमध्ये तेव्हा बटाट्याचं पीक कुजून भयंकर दुष्काळ पडला होता. म्हणजे तिकडे एक जण थंडीने कुडकुडतोय, कारण इकडे एक जण उकाड्याने हैराण आहे. आणि दोघं एकमेकांना कधीच भेटणार नाहीत.

आणि गंमत माहितीये? त्या वर्षी वॉल्डनवर जो दहा हजार टनांचा डोंगर रचला होता, तो बराचसा विकलाच गेला नाही. गवताने झाकून ठेवलेला तो ढीग हळूहळू वितळत १८४८ च्या सप्टेंबरपर्यंत टिकला, आणि पाणी परत तळ्यात गेलं. म्हणजे थोरोचं पाणी मुंबईला पोचलं की नाही, काय माहीत. त्या मजुरांची मेहनत मात्र झालीच होती.

लादी, भुसा आणि रंधा

पुढची गोष्ट पटकन सांगते. यंत्राने बर्फ करण्याची युक्ती निघाली. १८७८ मध्ये कलकत्त्यात बेंगॉल आइस कंपनी सुरू झाली, आणि पुढच्या काही वर्षांत बोस्टनची जहाजं यायची बंद झाली. ज्या धंद्याने अर्धी पृथ्वी ओलांडली, तो इतक्या लवकर संपला.

बर्फाच्या कारखान्यात पाण्याने भरलेले लांबट डबे खाऱ्या पाण्याच्या टाकीत सोडतात. ते खारं पाणी अमोनियाच्या यंत्राने शून्याच्या खूप खाली गार केलेलं असतं. मिठामुळे ते स्वतः गोठत नाही, पण डब्यातलं गोडं पाणी गोठतं. डबा उलटा केला की बाहेर आली लादी. आणि या लादीने एक मोठी गोष्ट केली. बर्फ जमशेटजींच्या टेबलावरून उतरून रस्त्यावर आला.

ससून डॉकला पहाटे कधी गेलात तर बघा. कोळ्यांच्या होड्या समुद्रात जाण्याआधी बर्फ भरून घेतात, कारण त्याच्याशिवाय मासे बाजारापर्यंत टिकणार नाहीत. लग्नात लादी लागते. आणि परदेशातून मुलगा यायचा असेल तर मयताजवळही लादी लागते. आपल्या सुखदुःखात हा बर्फ असा गुपचूप हजर असतो. हातगाडीवर, गोणपाटाखाली, कधी भुशात. हो, भुसा! १८३३ चा ट्यूडरचा भुसा. मी लहानपणी लादीवरचा तो भुसा बघून "शी, घाण" म्हणायचे. तो त्या धंद्याचा सगळ्यात जुना शोध आहे हे मला आत्ता कळलं.

आणि मग गोळा. रस्त्यावरच्या गोळेवाल्याकडे एक रंधा असतो, सुताराकडे असतो तसाच, फक्त उलटा ठेवलेला. त्यावर बर्फाचा तुकडा घासायचा, खाली भुगा पडतो, तो मुठीत दाबून काडीला लावायचा, वर रंगीत सरबत. काला खट्टा घ्यायचा, आणि मग घरी जाऊन जिभेचा रंग कसा लपवायचा याचा विचार करायचा. कारण घरी विचारणार, "कुठल्या पाण्याचा बर्फ असतो तो, माहितीये?" प्रश्न चूक नव्हता. मासे ठेवायचा बर्फ आणि गोळ्याचा बर्फ दिसायला सारखाच. म्हणून तर २०१८ मध्ये महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासनाने नियम केला, की खाण्यासाठी नसलेल्या बर्फात निळा रंग घालायचा. त्यामुळे निळसर लादी दिसली तर ती 'ब्लूबेरी फ्लेवर' नाही, एवढं लक्षात ठेवा!

आमच्या पिढीला गोळा आणि 'पेप्सी' आठवते. पेप्सी म्हणजे ती बाटलीतली नाही हां, प्लास्टिकच्या नळीतली, दाताने टोक फाडून चोखायची. पण आई-बाबांच्या पिढीला विचारा, ते सांगतील पॉटचं आइस्क्रीम.

लाकडी बादली, आत धातूचा डबा, वर फिरवायचा दांडा. डब्यात आटवलेलं दूध आणि आमरस. बादलीत फोडलेला बर्फ आणि खडे मीठ. मीठ का? तर मिठाने बर्फ वितळायला लागतो, आणि वितळायला लागणारी उष्णता तो आतल्या डब्यातून ओढून घेतो. तापमान शून्याच्या बरंच खाली जातं. कारखान्यातलं खारं पाणी आणि घरातलं खडे मीठ, काम एकच. हा दांड्याचा पॉट अमेरिकेत नॅन्सी जॉन्सन नावाच्या बाईने पेटंट केला, १८४३ मध्ये. म्हणजे मुंबईत बर्फघर झालं त्याच वर्षी.

बाबा सांगतात, त्यांच्या चाळीत पॉट एकाच घरात होता, पण आइस्क्रीम आख्ख्या मजल्याचं व्हायचं. कुणी दूध आणायचं, कुणी आंबे, मुलांना लादीच्या तुकड्यासाठी पिटाळायचं. मग पाळीपाळीने दांडा फिरवायचा. आधी लहान मुलं, कारण सुरुवातीला तो हलका फिरतो. शेवटी घट्ट झाला की दादा-काका मंडळी. हात भरून यायचे. आणि ज्याने शेवटचा दांडा फिरवला त्याला आतलं पातं चाटायला मिळायचं. "तेवढं गोड आइस्क्रीम परत कधी खाल्लं नाही," असं बाबा म्हणतात. आधी मला वाटायचं, हे नेहमीचं 'आमच्या वेळी' चालू आहे. पण आता वाटतं, त्यात एक साधं कारण आहे. त्या आइस्क्रीमला लागलेली मेहनत खाणाऱ्यांचीच होती.

फ्रिज आला

१९५८ मध्ये गोदरेजने भारतात तयार झालेला फ्रिज बाजारात आणला. पण तो बहुतेक घरांत पोचायला पुढे कितीतरी वर्षं गेली. सुरुवातीला फ्रिज स्वयंपाकघरात नसायचाच, तो दिवाणखान्यात असायचा. वर क्रोशाचं कव्हर, त्यावर फुलदाणी. आलेल्या पाहुण्याला दिसायला नको? आणि शेजारच्या घरातली मुलगी वाटी घेऊन यायची, "काकू, आईने बर्फ मागितलाय." ऐंशीच्या दशकात रसनाची ती जाहिरात आली, पाच रुपयांच्या पाकिटात बत्तीस ग्लास. बत्तीस ग्लास एका घरात पिणार कोण? ते सरबत मजल्यावर वाटायचंच होतं.

हळूहळू प्रत्येकाकडे फ्रिज आला, आणि वाटी घेऊन येणारी मुलगी यायची बंद झाली. हे वाईट झालं असं मी अजिबात म्हणणार नाही. ज्या बाईला रोज दोन्ही वेळा ताजा स्वयंपाक करावाच लागायचा, तिला विचारा फ्रिजची किंमत. औषधं, लसी, बाळाचं दूध, किती गोष्टी त्याच्यामुळे टिकतात. जुनं ते सगळं सोनं नसतं.

पण एक गोष्ट झाली. गारवा तयार करणारे हात दिसेनासे झाले. अकबराच्या बर्फाखाली हमालाचं डोकं दिसायचं. पॉटच्या दांड्यावर बाबांचा हात होता. माझ्या ट्रेमध्ये मला कुणीच दिसत नाही. वाटतं, बर्फ आपोआप होतो.

आणि मग एक दिवस ट्रे रिकामा निघतो, आणि दारात काका उभे राहतात.

परत माझ्या दारात

म्हणून ते काका माझ्या डोक्यातून जात नव्हते. लाहोरच्या वाटेवरचा हमाल, अलाहाबादला पहाटे परळं खरवडणारा मजूर, वॉल्डनच्या पाण्यात पडलेला आयरिश माणूस, आणि माझ्या मजल्यावर चढून आलेले काका. बर्फ आणणारा माणूस चारशे वर्षांत बदलला, पण तो स्वतः त्यातला किती खातो, ते फारसं बदललेलं नाही.

आता उन्हाळे आणखी कडक होत चाललेत. दुपारी बारा ते तीन बाहेर पडू नका, असे मेसेज आपल्याला येतात. आपण पडत नाही. आपण मागवतो. मग त्या वेळात बाहेर कोण असतं?

मी तुम्हाला मागवू नका असं सांगणार नाही. त्याने काकांचंच काम जाईल. मी स्वतःही परत मागवणार आहे, कारण आमच्या घरातला ट्रेवाला गुन्हेगार अजून सापडलेला नाही. पण मी दोन साध्या गोष्टी केल्या आहेत. दुपारी अगदीच गरज नसेल तर मी आता ऑर्डर संध्याकाळवर ढकलते. आणि दाराजवळ स्टुलावर एक माठ आणून ठेवलाय. शेजारी झाकणाचा तांब्या आणि दोन पेले. मुंबईचा माठ आहे, आळशीच आहे, पण पाणी बरं लागतं. आणि त्याने कुणाचा घसा बसत नाही.

परवा कुरिअरवाला दादा आला. सहीबिही झाल्यावर त्याने माठाकडे बघितलं. मी म्हटलं, "घ्या ना." तो दोन पेले प्यायला, तोंडावरून हात फिरवला, आणि म्हणाला, "वाळा टाकलाय काय ताई?"

टाकला नव्हता. पण दुसऱ्या दिवशी आणला.

तर मंडळी, आजच्या एपिसोडचा गृहपाठ. घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला विचारा, "तू पहिला बर्फ कधी खाल्लास? आणि तो कुणी आणला होता?" दुसरा प्रश्न विसरू नका. जे उत्तर मिळेल ते मला व्हॉइस नोटमध्ये पाठवा, छान छान आठवणी आपण पावसाळ्यातल्या एका एपिसोडमध्ये ऐकू.

तोपर्यंत भरपूर पाणी प्या, गोळा खाल्लात तर जीभ दाखवू नका, आणि ट्रे भरून ठेवा रे!

भेटू पुढच्या आठवड्यात. आता पंखा लावते.